दहावा दगड

आमच्या कचेरीतल्या नमुना-खोलीत दगड रंगावरून लावलेले असत. वरच्या खणांत पांढरे, गुलाबी, मधे करडे, तळाला काळे. ही रीत कुठल्याशा जुन्या साहेबांनी पाडली आणि नंतरच्या प्रत्येक साहेबाने ती डोक्यावर घेतली.

मी तिथे रोजंदारीवर होते. कायम होण्यासाठी दहा अग्निज खडक ओळखायचे, दहाही बरोबर. एक चुकला की वर्षभर पुन्हा रोजंदारी. आत्याने मला वाढवलं होतं आणि ती आता थकली होती. मला ही नोकरी हवीच होती.

नऊ दगड सहज गेले. गॅब्रो आणि बेसाल्ट एकाच मालाचे. जमिनीत सावकाश निवला तो गॅब्रो, म्हणून दाणे डोळ्यांना दिसतात. वर येऊन झटकन निवला तो बेसाल्ट, त्याचे दाणे भिंगातूनही शोधावे लागतात. दहावा होता ऑब्सिडियन. काळाकुळकुळीत, काचेसारखा, दाणा म्हणून नाही. मी लिहिलं: 'घटक ग्रॅनाइटचे. निवायला वेळच न मिळाल्याने काच झाली.'

साहेबांनी त्यावर फुली मारली.

"काळा दगड बेसाल्टच्या कुळातला. खण बघितला नाहीस?"

"खण बघितला, साहेब. खणच चुकलाय."

मागे बसलेले खोलीचे जुने कारकून भिंगकाका खोकले. त्यांचं भिंग कायम गळ्यात लटकलेलं असे, म्हणून हे नाव.

"तीस वर्षं खण तसाच आहे," साहेब म्हणाले. "माझा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ!"

"दगडाला रंगाने ओळखायचं तर माणसालाही कपड्याने ओळखा. याची पातळ कड उजेडात धरा, आरपार धुरकट दिसतं. आणि पाण्यात तोला."

त्यांनी तोलला नाही. मीच तोलला. तराजूच्या दांडीला दोरीने बांधला: हवेत दोनशे चाळीस ग्रॅम, पाण्यात बुडवून एकशे चाळीस. म्हणजे पाण्यात शंभर ग्रॅम घटला; तेवढ्याच आकाराच्या पाण्याच्या अडीचपटही जड नाही. बेसाल्ट असता तर तिपटीच्या आसपास भरला असता. भिंगकाकांनी काटा वाकून वाचला आणि ते खिडकीबाहेर बघू लागले.

साहेबांचा आवाज मऊ झाला. "हे बघ, खाली लिही की खणाप्रमाणे उत्तर बेसाल्ट. सही कर. मी तुला कायम करतो. दगडाला काय फरक पडतो?"

"दगडाला नाही पडत," मी म्हटलं, "मला पडतो." आणि सही न करताच कागद टेबलावर ठेवला.

घरी आत्याने कपाळावर हात मारला. "अगं, दगडापेक्षा वीट मऊ म्हणतात! तू तर दगडासाठीच नोकरी घालवलीस!"

"घालवली नाही आत्या, लांबवली."

ते वर्ष लांबच गेलं. तेच धुणं-पुसणं, तेच चिठ्ठ्या चिकटवणं. काम संपलं की मी रोज तळाच्या खणातून तो दगड काढून ग्रॅनाइटच्या खणात ठेवायची. सकाळी कोणीतरी तो पुन्हा खाली ठेवलेला असे. मी पुन्हा वर.

दुसऱ्या परीक्षेला बसले. टेबलावर दहा दगड. मी एकेक हातात घेतला. ऑब्सिडियन नव्हताच. त्याच्या जागी एक साधासुधा गुलाबी ग्रॅनाइट, आंधळ्यानेही ओळखावा असा.

"सोपं केलंय तुझ्यासाठी," साहेब म्हणाले. "लिही आणि मोकळी हो."

आत्याचा चेहरा डोळ्यांपुढे आला. लेखणी हातात होती. मी ती खाली ठेवली.

"साहेब, मागच्या वर्षी ज्यात मला नापास केलंत तो दगड आणा. त्याच्याशिवाय मी पेपर लिहिणार नाही."

"आणि मी नाही आणला तर?"

"तर पुढच्या वर्षी येईन. त्याच्या पुढच्याही."

मग भिंगकाका कुरकुरत उठले, गुडघे धरत तळाच्या खणाशी बसले आणि म्हणाले, "साहेब, ही म्हातारी होईपर्यंत येत राहील. माझ्यात एवढा दम नाही. आणतो बघा." त्यांनी दगड माझ्यापुढे ठेवला, शेजारी तराजू आणि पाण्याचं भांडंही.

साहेब ताडकन उठले. मला वाटलं, आता कागद फाडणार. त्यांनी बाह्या वर केल्या आणि तोलण्यासाठी दगडाला दोरी स्वतः बांधायला घेतली.