‘बघतो’चा अर्थ

‘“बघतो” हे उत्तर होकार समजावे,’ असं वाक्य ताईने लिहिलं, वाचलं आणि तिसऱ्यांदा खोडलं.

शुक्रवारची दुपार होती. खांदे भरून आले होते आणि स्क्रीनवरची अक्षरं मुंग्यांसारखी हलायला लागली होती. ऑफिसात लहानथोर सगळे तिला ताईच म्हणत. बावीस वर्षं ती सॉफ्टवेअरची माहितीपुस्तकं लिहीत आली होती आणि ती कोणी वाचत नाही, हे तिने केव्हाच पचवलं होतं. आता मात्र वाचणारा मिळाला होता, तोही शब्द न् शब्द वाचून अगदी तसंच वागणारा. सोमवारपासून ऑफिसच्या कामांच्या ऑनलाइन बोर्डवर एक एजंट बसणार होता. माणूस नव्हे, प्रोग्रॅम. बोर्डवरच्या कार्डावर एकाने काम मागायचं, दुसऱ्याने खाली उत्तर द्यायचं, आणि ते वाचून एजंटाने कार्ड योग्य माणसाच्या नावावर करायचं. त्याच्या हाती बारा टूल्स, म्हणजे एकेक काम करायची साधनं, दिली होती. कोणतं कधी वापरायचं, कधी हात लावायचा नाही, हे ताईने लिहून द्यायचं होतं. अकरा कशीबशी उरकली. बारावं, कार्ड नावावर करायचं, ‘बघतो’पाशी अडलं.

पाच वर्षांच्या कार्डांवर ‘बघतो’चा नुसता सुळसुळाट होता. ‘बघतो’ म्हणजे काय, हे माणसाला शिकवावं लागत नाही. ऐकणारा मान हलवतो, मनातल्या मनात आशा सोडतो आणि दुसरा माणूस शोधतो. पण हे सगळं यंत्राला दोन ओळींत कसं सांगायचं?

“‘बघतो’ म्हणजे ‘हो’ धरा आणि मोकळ्या व्हा, ताई,” मॅनेजर उभ्याउभ्याच म्हणाला. पोरगेलाच होता, पण त्याच्याही डोळ्यांखाली काळं आलं होतं. “सोमवारी दहाला यादी वरच्यांकडे जाणार. कोणाच्या नावावर किती कामं तुंबलीत, त्याची. एक माणूस कमी करा म्हणतायत.”

“कोणता?”

“यादीत सगळ्यात वर असेल तो. मला तरी निवडायला लावलं नाही, तेवढंच नशीब.”

तो गेल्यावर ताईने ‘हो’ धरून एकदा चाचणी चालवली. सगळ्यात वर आबा आले. नावावर एकेचाळीस कामं.

आबा दोन टेबलं पलीकडे बसत. टेस्टर होते, म्हणजे दुसऱ्यांनी केलेल्या कामातल्या चुका शोधून देत. वय पंचावन्न, स्वतःचं काम चोख, पण स्वभाव इतका भिडस्त की दारावर आलेल्या विक्रेत्याला नको म्हणायचं तरी बायकोला पुढे करत. ताई त्यांच्या टेबलाशी गेली आणि तिने काय ते सांगून टाकलं.

“एकेचाळीस?” आबांनी चष्मा कपाळावर चढवला. “कधी मागितली एवढी?”

“मागितली, आणि तुम्ही बघतो म्हणालात. सरळ नाही का म्हणत नाही हो?”

“समोरचा आशेने विचारतो, ताई. तोंडावर नाही म्हणायचं जिवावर येतं. धाकटीचं कॉलेज अजून दोन वर्षं आहे.”

ताई जागेवर आली. तिला आबांचा राग आला आणि त्याहून जास्त दया आली. तिने नवीन ओळी लिहिल्या. ‘बघतो’ हा होकार समजू नये, नकारही समजू नये. त्या माणसाला पुन्हा विचारावे: हे काम करणार का? हो किंवा नाही, एवढेच उत्तर घ्यावे. हो म्हटल्यास काम त्याच्या नावावर करावे.

मॅनेजरने वाचून मान डोलावली. “आणि नाही म्हणाले तर? बेवारशी कार्ड चालणार नाही. कोणाच्या तरी नावावर पाहिजे.”

साडेपाच वाजले होते आणि डोकं ठणकत होतं. ताईने आणखी एक ओळ घातली, ‘नाही म्हटल्यास काम मागणाऱ्याच्या नावावर परत जावे.’ ती एकेचाळीस कामं मागितली कोणी, हे पाहायचं त्राण तिच्यात उरलं नव्हतं.

सोमवारी नऊ वाजता एजंटाने आबांना एकेचाळीस वेळा विचारलं. यंत्राची कसली भीड! आबांनी चहा निवायच्या आत उत्तरं दिली. तीनदा ‘हो’ आणि अडतीसदा ‘नाही’. लांबून त्यांची ताठ झालेली पाठ पाहून ताईला फार बरं वाटलं. आपल्या चार ओळींनी एक माणूस वाचवला, असं तिच्या मनात आलं, आणि तिने यादी उघडली.

आबा तळाशी होते. सगळ्यात वर ती स्वतः होती. नावावर सव्वीस कामं.

एजंट चुकला असं समजून तिने पहिलं कार्ड उघडलं. ‘आबा, एवढ्या पानाप्रमाणे करून पाहून ते बरोबर आहे का सांगाल?’ खाली ‘बघतो’. दुसरंही तसंच, तिसरंही. पाच वर्षं ती पान लिहून झालं की आबांच्या नावे कार्ड टाकत होती आणि पुढच्या पानाला लागत होती. सव्वीस पानं कोणीच तपासली नव्हती. तशीच छापून गेली होती.

आबा उठून आले. त्यांनीही यादी पाहिली होती.

“ती पानं तुमची होती?”

“हो.”

“मला वाटलं, यंत्रच विचारतंय. पुढे नुसतं कामाचं नाव येत होतं.”

“माझी आहेत हे कळलं असतं तर?”

आबा टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत राहिले.

तेवढ्यात मॅनेजर आला. दहाला चार मिनिटं होती. “ताई, काहीतरी गडबड आहे. तुमचं नाव वर कसं? नियम बदलायचा असेल तर आत्ता बदला. ‘बघतो’ म्हणजे ‘हो’ करून टाकू, एका ओळीचं तर काम आहे.”

ती एक ओळ बदलली की कोण वर जाणार, हे तिघांनाही ठाऊक होतं. मॅनेजरने आबांकडे बघायचं टाळलं.

“ताई, असं कसं होऊ देईन मी?” आबा म्हणाले. “मी स्वतः बोलतो वरच्यांशी. तुमच्यासाठी शब्द टाकतो.” मग त्यांचे डोळे खाली गेले. “म्हणजे, बघतो.”

ताईने मान हलवली.

“पाठवा यादी,” ती मॅनेजरला म्हणाली.