बाबांना न आलेला वास

शेडचं दार ढकलून ती आत आली तेव्हा बाबा भट्टीपुढे उकिडवे बसले होते. एका हातात लायटर, दुसरा हात बर्नरच्या कॉकवर. भाजायच्या मातीच्या कच्च्या कपांनी भरलेला ट्रे तिच्या हातात होता. दोन पावलं पुढे आली आणि तिच्या नाकात वास शिरला. सडक्या कोबीसारखा, घशाला चिकटणारा. खाली वाकली तर जमिनीजवळ आणखीच उग्र.

"बाबा," ती हळू आवाजात म्हणाली, "हात आहे तसाच ठेवा. लायटर दाबू नका."

बाबा जागच्या जागी थिजले. "का गं? साप आहे का?"

"गॅस आहे. वास येत नाही का तुम्हाला?"

"कसला वास?"

एवढा वास होता की डोळे चुरचुरत होते, आणि बाबा खरोखरच विचारत होते. तिने ट्रे अलगद खाली ठेवला. "लायटर खिशात नको, तिथेच ठेवा. उठा आणि माझ्यामागून बाहेर या. सावकाश."

बाबा उठले. दाराशी आल्यावर त्यांचा हात सवयीने भिंतीकडे गेला. "पंखा लावतो, हवा निघून जाईल."

तिने त्यांचं मनगट पकडलं. इतकं घट्ट, की नंतर तिथे वळ दिसले. बटणातली एवढीशी ठिणगीही पुरली असती. बोटं बटणावर टेकली होती, फक्त दाबायची राहिली होती. "काही लावायचं नाही. दिवाही बंद करायचा नाही. चला."

भिंतीपलीकडच्या प्रोपेनच्या सिलिंडरचा कॉक तिने बंद केला. चावी उलटी फिरवतेय की सुलटी, हे तिला दोनदा मनाशी म्हणून पाहावं लागलं. मग बाहेरूनच शेडचं पुढचं शटर वर ढकललं आणि बापलेक रस्त्यापलीकडच्या कट्ट्यावर जाऊन बसले. प्रोपेन हवेपेक्षा जड. ते उडून जात नाही, पाण्यासारखं जमिनीवर साचून राहतं. वाहून जायला वेळ लागणार होता.

"कधीपासून येत नाही वास?" तिने विचारलं.

बाबा चपलेकडे बघत बसले. "थंडीत ताप आला होता ना, तेव्हापासून. येईल परत, असं वाटलं. परवा नासलेलं दूध प्यायलो, चवीवरून कळलं."

"सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर तू मला शेडमध्ये पाऊल टाकू दिलं असतंस का?"

उभा जन्म बाबांनी घराघरांत पाण्याचे नळ जोडले होते. भट्टी आली तेव्हा गॅसची पाइपलाइनही ते हौसेने स्वतःच जोडून बसले. तिला तेव्हा कौतुकच वाटलं होतं.

वास पूर्ण गेल्यावर तिने पाइपलाइनचा एक जोड पान्याने उघडला. पाइपच्या आट्यांवर पांढरी टेप होती, पातळ आणि जागोजागी फाटलेली. बाबांच्या पिशवीत कायम असायची तीच, नळाची.

हार्डवेअरच्या दुकानात दोघं गेले. दुकानदाराने टेपचा तुकडा उजेडात धरला. "काका, ही पाण्याची. गॅसला पिवळी घ्या, जाड असते." त्याने एक ट्यूबही पुढे सरकवली. "नाहीतर टेपऐवजी आट्यांना लावायची ही पेस्ट. मात्र प्रोपेनला चालते असं लिहिलेलीच घ्या, सगळ्या पेस्टा चालत नाहीत."

"दोन्हीतलं चांगलं कुठलं?" तिने विचारलं.

"दोन्ही चालतात. टेप नीट गुंडाळता आली पाहिजे. आट्यांच्या दिशेनेच, आणि टोकाचे एकदोन आटे मोकळे सोडून. नाहीतर तुकडा आत जाऊन बर्नरमध्ये अडकतो."

बाबांनी पेस्टची ट्यूब उचलली. "माझे हात आता कापतात. पेस्टच बरी."

ही कबुली देणं त्यांना किती जड गेलं असेल, ते तिला त्यांच्या आवाजावरून कळलं. दुकानदाराने निघताना आणखी एक सांगितलं. तांब्याच्या नळीचं फुलवलेलं टोक जिथे नटात बसतं, तिथे काहीच लावायचं नाही. तिथे धातू धातूवर घट्ट बसतो. बाबांनी तिथेही टेप गुंडाळली होती.

दुसऱ्या दिवशी सगळे जोड उघडले. बाबांनी जुनी टेप ब्रशने खरवडून काढली आणि आट्यांवर पेस्ट लावली. नटाचं तोंड मात्र पुसून कोरडं ठेवलं. मग सिलिंडरचा कॉक किंचित उघडून ती एकेका जोडावर साबणाचं पाणी लावत गेली. प्रत्येक जोडापाशी बुडबुडा येतोय का ते बघत थांबायची. नटापाशी बारीक बुडबुडे फुगले.

"बंद कर," बाबा तिच्याआधीच म्हणाले. नळीचं टोक टेपवर आवळून चिरलं होतं. त्यांनी तेवढा भाग कापला, टोक नव्याने फुलवलं आणि पुन्हा बसवलं. यावेळी पाणी सपाट राहिलं. तरीही तिने गुडघ्यांवर बसून, गाल फरशीला लावून हुंगून पाहिलं. फक्त मातीचा वास होता.

लायटर तिने हातात घेतला आणि बाबांना बाहेर जायला सांगितलं.

"तू बाहेर जा," ते म्हणाले. "माझं आता काय राहिलंय."

"बाबा, असं बोलू नका."

शेवटी दोघंही आतच थांबले. तिने डोळे न मिटता कॉक उघडला आणि लायटर दाबला. बर्नर निळा पेटला, फुर्र आवाज करून स्थिर झाला. बाबांनी तिच्या पाठीवर हात ठेवला, तेव्हा तिला कळलं की तिची पाठ घामाने ओली झाली होती.

गॅसचा इशारा देणारं यंत्र त्यांनी त्याच आठवड्यात फरशीजवळ लावून घेतलं. तरीही भट्टी पेटवण्याआधी बाबा अंगणातून हाक मारतात, "अगं, जरा हुंगून जा." हातातलं काम टाकून ती जाते. भीती अजून गेलेली नाही, आणि ती जावी असं दोघांनाही वाटत नाही.