सरासरी बारा दिवस

खोटं लिहायला मला कुणी शिकवलं नाही, माझं मीच शिकले. नऊ वर्षं लिहिलं आणि चांगल्या मनाने लिहिलं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी म्हणायला नको की बाई सारवासारव करतेय.

मी या बेटावरच्या आरोग्य केंद्रातली नर्स. मला नाव आहे, पण ते हजेरीच्या वहीपुरतं. बाकी सगळ्यांची मी सिस्टर. पूर्वी आमच्याकडे बाळंतपणाची खोली होती. एक टेबल, एक मोठा दिवा, औषधांचा फ्रीज आणि मी. मग वरून कागद आला की वर्षाला जेमतेम तीस बाळंतपणं होतात, खोली बंद करा. दिवा गेला, फ्रीज गेला. टेबल उचलायला चार माणसं लागली असती, म्हणून ते राहिलं. आणि नवा नियम लागला: छत्तीस आठवडे भरले की बाईने बोटीने पलीकडे जायचं, मोठ्या हॉस्पिटलच्या मागच्या निवासात राहायचं आणि कळा येईपर्यंत वाट बघायची.

वाट बघायची म्हणजे काय, हे नियम काढणाऱ्यांपैकी एकाने तरी बघावं. उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं! एका हॉलमध्ये बारा खाटा, दोन संडास आणि एक खिडकी, तीही समुद्राच्या बाजूला नाही. घरी फोन करायचा, थोरलं पोर जेवलं का विचारायचं, पोर रुसून फोनवर येत नाही म्हणून उशीत तोंड खुपसायचं. एक महिना. सासरे आजारी असोत, घरात तान्हं असो, कुणाला सोयरसुतक नाही.

तर मी काय करायची? बाई पहिल्या तपासणीला आली की शेवटच्या पाळीची तारीख विचारायची आणि कार्डावर आठवडाभर पुढची लिहायची. कागदावर पोट आठवड्याने लहान, म्हणजे बाई आठवडाभर जास्त आपल्या घरात. बोलले कुणाला नाही, त्या बाईलासुद्धा नाही. आमच्या मदतनीस बाईंना सगळं बेट रेडिओ म्हणतं. त्यांच्या कानावर गेलं असतं तर संध्याकाळच्या बोटीने बातमी पलीकडे पोचली असती. पलीकडे सोनोग्राफीचं मशीन आहे, पण आमच्या बायका तिथे पोचायच्या सातव्या-आठव्या महिन्यात, आणि तोवर मशीनही तारखेला पंधरा दिवस इकडे-तिकडे करतं. माझी चोरी कधी पकडली गेली नाही.

उलट पलीकडचे डॉक्टर हसायचे. फोनवर म्हणायचे, "सिस्टर, तुमच्या बेटावरची मुलं भारी घाईची, पण गुटगुटीत! सदतीस आठवड्यांची म्हणता आणि तीन-तीन किलोची. काय खायला घालता हो?"

"हवा," मी म्हणायची. तेही हसायचे, मीही हसायची. मनात म्हणायची, एवढ्या एका आठवड्याने काय बिघडतं!

गेल्या वर्षी बायकांनी अर्ज केला, खोली पुन्हा उघडा म्हणून. एकशे चाळीस सह्या आणि अंगठे. चार महिन्यांनी चार ओळींचं उत्तर आलं. मी ते केंद्राच्या व्हरांड्यात मोठ्याने वाचून दाखवलं. "नोंदींनुसार बेटावरील महिलांना प्रसूतीपूर्वी सरासरी बारा दिवसच थांबावे लागते. गैरसोय किरकोळ स्वरूपाची आहे." बायका चपला घालून गेल्या. माझं मात्र डोकं फिरलं. हा बाराचा आकडा या मेल्यांनी आणला कुठून, म्हणून मी दिवसभर दातओठ खात होते. आता आठवलं की माझीच मला लाज वाटते.

आता बारकीचं सांगते. बारकी माझी भाची, थोरल्या बहिणीची मुलगी. बहीण गेल्यापासून तिला मायेचं म्हणून मीच. काम मासळी पॅक करायच्या शेडमध्ये. तिथे लांब टेबलं आहेत आणि प्रत्येकीची जागा ठरलेली. तीस दिवसांपेक्षा जास्त गैरहजर राहिलं की जागा दुसरीला. पहिल्या वेळी बारकीने नियम पाळला, पलीकडे गेली. मूल दहा दिवस उशिरा झालं. जाऊन येऊन चाळीस दिवस! परत आली तर तिच्या जागेवर दुसरीच उभी. ती जागा परत मिळवायला तिला दोन वर्षं लागली, तोवर बर्फ उपसत होती. या खेपेला तर घरी अंथरुणाला खिळलेली सासू, तीन वर्षांची मुलगी, आणि नवरा महिना-महिना बोटीवर.

पहिल्या तपासणीला ती समोर बसली तेव्हा मी तारीख विचारली. तिने सांगितली. मी पंधरा दिवस पुढची लिहिली. इतर बायकांना एक आठवडा, भाचीला दोन. रक्ताचं नातं, मन धावलं.

सातव्या महिन्यानंतर पोट मोठं दिसायला लागलं. टेपने मोजलं तर आकडा कार्डाशी जुळेना. "बाळ अंगाने मोठं दिसतंय," मी म्हटलं. तिने पदर पोटावर ओढला. मीही पुढे गेले नाही. आमच्या बेटाची मुलं गुटगुटीतच, नाही का? डॉक्टरांची थट्टा मीच खरी मानायला लागले होते.

कार्डाप्रमाणे तिला जायला चार दिवस बाकी होते, तेव्हा वारा सुटला. दोन दिवस बोट बंद. तिसऱ्या दिवशी सकाळी दहाला शेडमधल्या दोघी तिला मासळीचे ट्रे वाहायच्या हातगाडीवर घालून घेऊन आल्या. टेबलापाशी उभी असतानाच पाणी फुटलं होतं.

"कशाला गेलीस कामाला?" मी ओरडले.

"जागा जाईल म्हणून," ती म्हणाली आणि कळेने वाकली.

मी तपासलं. चार बोटं उघडली होती. बोटवाल्यांना फोन केला, पलीकडे फोन केला. वारा उतरल्याशिवाय काही नाही, असं दोघांनी सांगितलं. मग रेडिओ आणि मी जुनी खोली उघडली. टेबलावर छतापर्यंत खोकी. उतरवताना एक फुटलं आणि पत्रकं जमिनीभर पसरली. 'सुरक्षित मातृत्व, प्रत्येकीचा हक्क.' रेडिओने एक उचललं, वाचलं आणि त्या कागदानेच टेबल पुसलं. मला त्या परिस्थितीतही हसू आलं.

कळांच्या मधे बारकीने माझा हात धरला. "मावशी, रागावू नकोस. मी तारीख खोटी सांगितली होती."

"काय?"

"पंधरा दिवस कमी केले. म्हटलं, तेवढं शेवटपर्यंत काम होईल. मग आले-गेले तरी तीस दिवसांत बसेल."

मी मनात बेरीज केली. तिचे पंधरा आणि माझे पंधरा. ही पोर पुऱ्या दिवसांची होती, आणि मी तिला परवा नुसत्या लोहाच्या गोळ्या देऊन घरी पाठवलं होतं.

"कुणी शिकवलं तुला हे?"

"सगळ्याच करतात. कुणी आठ दिवस, कुणी दहा. तुला खरंच माहीत नव्हतं?"

मी रेडिओकडे बघितलं. त्या खाली बघत पत्रकं गोळा करत होत्या. म्हणजे अख्ख्या बेटाला माहीत होतं, एक मी सोडून. आणि माझं मला माहीत होतं, अख्खं बेट सोडून. दोन्हीकडून दया चालली होती.

दीड वाजता मुलगा झाला. लगेच रडला. काट्यावर ठेवला तर तीन किलो चारशे. त्या आकड्याकडे मी बघतच राहिले. घाईचा नव्हता, बिचारा अगदी वेळेवर आला होता.

मग रक्त सुरू झालं. वार पडली तरी थांबेना. रक्त थांबवायचं इंजेक्शन फ्रीजमध्ये ठेवावं लागतं आणि फ्रीज नऊ वर्षांपूर्वीच गेला. मी एक मूठ आत, एक हात पोटावर, आणि दाबून धरलं. दोन तास. रेडिओ दर पाच मिनिटांनी धक्क्यावर पळत होत्या आणि येऊन मान हलवत होत्या. त्यांना असं गप्प मी कधी बघितलं नव्हतं. बारकी पांढरी पडत गेली. मी तिच्याशी बोलत राहिले, काय बोलले आठवत नाही. शिव्याच दिल्या असतील. आईविना पोर आहे, हिला काही झालं तर बहिणीला वर जाऊन काय तोंड दाखवू, एवढं एकच डोक्यात होतं.

चारच्या सुमारास एक लाँचवाला तयार झाला. वारा थोडा उतरला होता, थोडाच. तिला फळीवर घेतलं, बाळही दुपट्यात गुंडाळून बरोबर घेतलं. लाँचमध्येही माझा हात तिच्या पोटावरून हलला नाही. पलीकडे धक्क्यावर गाडी उभी होती. हॉस्पिटलात तिला सरळ आत नेलं. रात्री डॉक्टर बाहेर आले. थट्टा करणारे तेच डॉक्टर, पण आता हसत नव्हते. म्हणाले, जीव वाचला, पिशवी काढावी लागली.

दोन दिवसांनी वरच्या साहेबांचा फोन आला. चौकशी करावी लागेल, म्हणाले. मग आवाज मऊ केला. "पण सिस्टर, कार्डावर छत्तीस आठवडेसुद्धा भरलेले नाहीत. म्हणजे अकाली प्रसूती, कुणाचाच दोष नाही. तसं लेखी द्या आणि विषय मिटवा. सात महिन्यांत तुम्ही निवृत्त होणार, कशाला डोक्याला ताप?"

"देते," मी म्हटलं.

लिहायला बसले. काहीतरी आधार हवा म्हणून जुनी कार्डं काढली, नऊ वर्षांची. प्रत्येकीची पलीकडे जायची तारीख आणि बाळंतपणाची तारीख. मधले दिवस कागदावर मांडत गेले. नऊ, चौदा, अकरा, पंधरा, बारा. संध्याकाळपर्यंत बेरीज झाली, भागाकार झाला. उत्तर बारा आलं.

मी पुन्हा केलं. पुन्हा बारा.

साहेबांनी आकडा कुठूनही आणला नव्हता, माझ्याच कार्डांवरून घेतला होता. आम्ही सगळ्या जणी चोरून चोरून दिवस वाचवत होतो. वाचवलेला प्रत्येक दिवस तिकडे जमा होत होता, आमच्याच विरुद्ध. खोली उघडू नका, यांना काही त्रास नाही, असं मी स्वतःच्या अक्षरात नऊ वर्षं लिहून देत होते. करायला गेले एक आणि झालं भलतंच. टेबलावर डोकं ठेवून मी खूप रडले. रेडिओ चहा ठेवून गेल्या.

बारकी बावीस दिवसांनी परत आली. मी धक्क्यावर गेले होते. बाळ लाँचवाल्याच्या हातात आणि ती कठड्याला धरून एकेक पायरी चढत होती. शेडमधली जागा राहिली होती, तीस दिवस व्हायचे होते. पण उभं राहायची ताकद कुठून आणणार? तिला जवळ घेतलं तर हाताला हाडंच लागली.

"मावशी," ती म्हणाली, "तोंड का पाडलंस? आता मला कधीच पलीकडे जायला नको. सुटले बघ एकदाची."

ती हसली. मला हसता आलं नाही.

त्या संध्याकाळी मी साहेबांना खरं लिहिलं. माझी नऊ वर्षं, बायकांचे आठ-दहा दिवस, सगळं. सरासरी चुकीची आहे, खरी अठ्ठावीस धरा, आणि कार्डं मी बदललीत, बायकांना धारेवर धरू नका, असंही लिहिलं. रेडिओने पाकीट स्वतः बोटीवर नेऊन दिलं आणि कुणालाही सांगितलं नाही. उत्तर अजून आलेलं नाही. निवृत्तीआधी येईल की मला घरी बसवून येईल, देव जाणे.

सोमवारी शाळेत स्वयंपाक करणारी आली, तिसरी खेप. समोर बसली. मी कार्ड काढलं, पेन उघडलं.

"शेवटची पाळी कधी?"

तिने सांगितली. तिच्या बोलण्यात एक क्षण अडखळ होती, ती आता मला ऐकू येते. नऊ वर्षं कशी आली नाही कोण जाणे.

"खरी सांग."

बारकीचं सगळ्यांना ठाऊक होतं. मग तिने दहा दिवस आधीची तारीख सांगितली, अगदी हळू आवाजात. मी तीच लिहिली. छत्तीस आठवड्यांची तारीख काढली, बोटीचा वार काढला, दोन्ही तिच्यासमोर लिहिलं.

तिने बोटांवर मोजलं. "म्हणजे महिनाभर तिकडे?"

"अठ्ठावीस दिवस."

"माझी धाकटी अजून अंगावर पिते, सिस्टर. तिला कुणाकडे ठेवू?"

नऊ वर्षं याला माझ्याकडे उत्तर होतं, एका आठवड्याचं का होईना.

"माहीत नाही गं," मी म्हटलं.

तिने कार्ड उचललं, पदरात धरलं आणि दाराशी जाऊन चपला शोधत बराच वेळ उभी राहिली.