पट्टीवरचा हिरवा डाग

आमच्या ह्यांच्या पायावरच्या पट्टीला हिरवट डाग दिसला आणि माझं डोकंच चालेना. मिलमध्ये पडून नडगी मोडली होती, ऑपरेशन करून आत सळई घातली होती. डॉक्टरांनी बजावलं होतं, पट्टीतून काही पाझरलं तर लगेच घेऊन या.

पण डाग पाझरल्याचा की बाहेरून लागल्याचा, हे कळणार कसं? हे पांडेसऱ्याच्या मिलमध्ये कापड रंगवतात. आमच्या घरात उशीला रंग, टॉवेलला रंग, ह्यांच्या नखांत तर लग्नापासून रंग. पायाखालची चादरही मिलमधलाच हिरवा कटपीस.

"चादरीचा रंग लागलाय. उगाच घाबरवू नको," हे म्हणाले.

शेजारची उज्ज्वला म्हणाली, औषधाचा असेल. आता ऐकायचं कुणाचं? अंग गरम लागत होतं, पण ह्या पत्र्याखाली कुणाचं अंग गार असतं?

शेवटी मी चिडले. चादर ओढून काढली आणि ट्रंकेतलं कोरं पांढरं धोतर पायाखाली अंथरलं. "आता बघतेच रंग कुठून येतो ते!"

सकाळी धोतरावर तसाच हिरवट डाग. तरी मला वाटत होतं, गादीतून आला असेल, पट्टीत आधीचाच मुरला असेल.

ह्यांनी धोतर हातात घेतलं. मिलमध्ये कापडाच्या रंगाची शेड तपासतात तसं दाराकडच्या उजेडात धरलं, मग नाकाशी नेलं.

"सरला, रिक्षा बोलाव," हे हळूच म्हणाले. "हा रंग आमच्या मिलचा नाही."