खुळखुळ्याचा हात

रेयेसने भट्टीतले निखारे ओढून काढले, ओल्या फांद्यांच्या झाडूने तळ पुसला आणि मक्याचं एक वाळकं पान आत टाकून पाहिलं. पान भसकन काळं पडलं नाही, सावकाश तांबूस झालं. लाकडी फावड्यावर ठेवून ती एकेक पाव आत सरकवू लागली. दोन आईबापांचे, एक नवऱ्याचा. दुसऱ्या दिवशी मृतांचा सण होता. गावात अंगणाअंगणातून भट्ट्या पेटल्या होत्या आणि पिनॉनच्या लाकडाच्या धुराने सगळ्यांचेच डोळे लाल झाले होते. कोण रडून आलंय आणि कोण भट्टीवरून, हे त्या दिवशी कुणाला ओळखता येत नाही, आणि एका अर्थी ते बरंच असतं.

शेवटचा पाव मुठीएवढा होता. तो फावड्यावर ठेवला तेव्हा मागून आवाज आला.

"हा छोटा कुणाचा?"

"पीठ उरलं होतं," रेयेस म्हणाली आणि तिने तो घाईघाईने आत ढकलला.

तिने भट्टीच्या तोंडाला दगडी फळी लावली, फटींवर ओलं फडकं दाबलं, मगच मागे वळून पाहिलं. थोरला भाऊ युसेबिओ अंगणात उभा होता. खांद्यावर घोंगडी, हातात काठी. या वर्षी तो गावाचा कॅप्टन होता. नाचाची आणि रीतीची राखण त्याच्याकडे होती. भाऊ म्हणून येताना तो काठी आणत नसे.

"काठी घेऊन आलास, दादा."

"हं."

"मग कॉफी भावाला देऊ की कॅप्टनला?"

"भावाला दे. कॅप्टनला काय हवंय ते तुला माहीत आहे."

तिला माहीत होतं. चार माणसं सांता फेला जाऊन आल्यापासून तिचा जीव टांगणीला लागला होता.

सांता फे शहरात मिस थॉर्नली नावाची एक गोरी बाई राहत असे. पोरं तिला 'तांबेवाली' म्हणत, कारण ती तांब्याच्या पत्र्यावर चित्रं कोरायची आणि कागदावर छापून विकायची. भट्ट्या, पाणी आणणाऱ्या बायका, मका सोलणारी म्हातारी. त्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती. नाच मात्र काढायचा नाही, हे तिलाही ठाऊक होतं. दर सणाला ती रेयेसकडे जेवायची, तिखट रस्सा खाऊन नाक पुसत बसायची आणि मग सगळ्यांबरोबर गच्चीवरून नाच बघायची. लढाईच्या आधीच्या त्या उन्हाळ्यात तिचा हात शालीखाली सारखा हलत होता. रेयेसला वाटलं, बाई जपमाळ ओढतेय. प्रत्यक्षात शालीखाली मेण चढवलेला पत्रा होता आणि हातात सुई.

ते चित्र इतक्या वर्षांनी एका दुकानात गावच्या कुणाला तरी दिसलं. माणसं तिच्या दारात गेली तेव्हा म्हातारीने वाद घातला नाही. पत्रा आणला, उरलेले सगळे कागद आणले, टेबलावर ठेवले आणि म्हणाली, मी हे चोरलं होतं, घेऊन जा. इथवर ठीक होतं. पण मग तिने हेही सांगून टाकलं की एक प्रत रेयेसकडे आहे. खरं बोलणाऱ्यांनी आजवर किती घरं बुडवली असतील, देव जाणे.

पत्रा आणि कागद पंचांनी नदीपलीकडे खोल पुरले. आता ही एकच प्रत उरली होती.

"काढ," युसेबिओ आत येऊन म्हणाला. कॉफीला त्याने अजून तोंड लावलं नव्हतं.

"कॉफी निवतेय."

"निवू दे. रेयेस, मला हे सोपं जात नाहीये. दुसऱ्या कुणाला पाठवलं असतं तर त्याने पेट्या उपसल्या असत्या. म्हणून मी आलो."

"फार उपकार झाले!"

"टोमणे मार. पण तूच सांग, दुसऱ्या कुणाच्या घरात असतं तर तू काय म्हणाली असतीस?"

दुसऱ्या कुणाच्या घरात असतं तर ती सगळ्यांत आधी ओरडली असती.

"आणि तुझ्या मनात काय आहे ते मला कळत नाही असं समजू नकोस," तो आवाज उतरवून म्हणाला. "गेलेल्याला असं धरून ठेवू नये. त्याला जाऊ द्यावं लागतं. तो अडकून पडतो, आणि आपणही."

तिच्या मुलाचं, देल्फिनोचं नाव त्याने घेतलं नाही. गेलेल्यांचं नाव कुणी घेत नाही. पण देल्फिनोला जाऊ कसं द्यायचं? जाऊ देण्यासाठी आधी तो घरी यायला हवा होता. त्याचे केस धुवायचे, अंगावर पांढरी चादर घालायची, शिदोरी द्यायची, मग निरोप. तिच्या मुलाला फिलिपाइन्सच्या कुठल्याशा बेटावर जपान्यांच्या छावणीत एका खड्ड्यात टाकलं होतं, आणि त्या खड्ड्यात आणखी कोण कोण होते ते सैन्यालाही सांगता आलं नव्हतं. वर्दीतला एक फोटो त्याने पाठवला होता. त्यात टोपीखाली एक ताठ, अनोळखी चेहरा होता. मृतांच्या सणाला ती सगळ्यांच्या कबरींवर पाव ठेवून यायची आणि घरी आल्यावर तिला वाटायचं, एक पोरगं उपाशी राहिलं.

वसंतात तांबेवालीने तिला ते चित्र दिलं होतं. तेव्हा ते बघून रेयेसला आधी हसूच फुटलं होतं.

"अहो बाई, सगळे डावरे कसे झाले?"

मिस थॉर्नली ओशाळली होती. पत्र्यावर जे कोरावं ते कागदावर उलटं उमटतं, म्हणाली. घरी बसून काढताना मी आरसा लावते, पण त्या दिवशी दिसेल तसं सरळ ओढत गेले. म्हणून रांगेतल्या सगळ्या पुरुषांचे नाचातले खुळखुळे डाव्या हातात आणि हिरव्या डहाळ्या उजव्या हातात आल्या होत्या. रेयेस हसत हसत रांगेवरून बोट फिरवत गेली आणि टोकाशी येऊन थांबली. तिथल्या एकाचा खुळखुळा उजव्या हातात होता. त्याचा चेहरा तांदळाच्या दाण्याएवढाही नव्हता. पण रेयेस खालीच बसली.

तिचा देल्फिनो डावरा होता. युसेबिओमामानेच त्याला नाच शिकवला होता. खुळखुळा उजव्याच हातात हवा म्हणून किती वेळा बोटांवर छडी मारली असेल! सणाच्या दिवशी पोराने सकाळभर खुळखुळा उजव्या हातात धरला. दुपार कलली, हात थकला, आणि नाचाच्या भरात खुळखुळा आपसूक डावीकडे गेला. गाणाऱ्यांच्या घोळक्यातून मामाने ते पाहिलं. संध्याकाळी सगळ्यांदेखत म्हणाला, एवढंही जमत नसेल तर पुढच्या वर्षी घरी बस. देल्फिनो हसला होता. पुढच्या वर्षी नाचाच्या वेळी तो गावात नव्हता, सैन्यात गेला होता.

"रेयेस."

ती उठली. पिठाची पेटी भिंतीपासून सरकवली, मागून फडक्यात गुंडाळलेली पुठ्ठ्याची घडी काढली आणि भावाच्या पुढ्यात ठेवली. हात मात्र तिने काढून घेतला नाही.

"एकदा बघ. न बघता पुरू नकोस."

युसेबिओने ते चित्र नीट पाहिलेलं नव्हतं. बाकीच्या प्रती पुरायला नेताना त्याने पालथ्याच धरल्या होत्या. कॅप्टनने असल्या गोष्टी बघत बसू नयेत, असं त्याचं मत होतं. आता तो घडी घेऊन खिडकीशी गेला, ती उघडली आणि चित्र डोळ्यांपासून लांब धरून पाहू लागला.

"देऊळ या बाजूला कुठून आलं?" थोड्या वेळाने तो पुटपुटला. "शिडी पण पलीकडे. ढोलवाला इथे कसा... आणि हे काय, हे सगळे..."

तो थांबला. त्याचं बोट रांगेवरून हळूहळू सरकत होतं. रेयेसने कमरेच्या फडक्याला हात पुसले, कोरडे होते तरी पुसले. बोट टोकाशी पोचलं आणि तिथेच राहिलं. बाहेर आगापिता शेजारीण सुनेला ओरडत होती की पाव जळेल, पाव जळेल. युसेबिओ हलला नाही. त्याची पाठ तेवढी दिसत होती आणि खांद्यावरून घोंगडी घसरत होती, ती सावरायचंही त्याला भान नव्हतं.

शेवटी त्याने घोंगडी खांद्यावर ओढली. बोलला तो कॅप्टनच्या आवाजात.

"यात आपल्यातलं कुणी आहे का?"

रेयेसला प्रश्न कळला. हो म्हटलं तर चित्र जाणार. तिने भावाच्या पाठीकडे पाहिलं. जन्म दिलेल्या पोराला आपला नाही म्हणायचं होतं, आणि तेही मृतांच्या सणाच्या आदल्या दिवशी.

"नाही," ती म्हणाली. "आपल्यातलं कुणी नाही."

"मलाही तसंच वाटतं. आपलं देऊळ असं नाही. आपली माणसंही अशी नाचत नाहीत. मी पंचांना तसं सांगतो."

त्याने पुठ्ठ्याची घडी मिटली, फडकं गुंडाळलं आणि स्वतःच वाकून ती पेटीमागे ठेवली. मग काठी उचलली. कॉफी तशीच राहिली होती. दोघं अंगणात आली, रेयेसने भट्टीची फळी काढली आणि पाव बाहेर ओढले. आगापिताच्या ओरडण्याने तिच्या सुनेचे वाचले असतील, रेयेसचे खालून जरा करपले होते.

युसेबिओने त्यातला छोटा पाव उचलला. गरम होता, या हातातून त्या हातात झेलत त्याने तो घोंगडीखाली घेतला.

"हा मी नेतो."

"कुठे ठेवणार? त्याला कबर..."

"बघतो कुठेतरी. नाचाच्या चौकात ठेवीन."

तो कुंपणापर्यंत गेला आणि तिच्याकडे पाठ करूनच उभा राहिला.

"त्या चित्रात टोकाला एक पोरगा आहे बघ," तो म्हणाला. आवाज आता कॅप्टनचा राहिला नव्हता. "सगळी रांग चुकलीय. तो एकटा बरोबर नाचतोय."