बद्द वाजलेली दुनाळी

बंदूक विकली गेली असती तर केवळरामला आठ हजार मिळाले असते, आणि घरातला गंज गेला असता तो नफा वेगळा. घेणारा हेमराज. त्याच्या धानात रानडुकरं शिरत होती आणि परवाना हातात आला होता.

"माह्या आज्यानं याच दुनाळीनं वाघ लोळवला," केवळराम म्हणाला.

"आज्याच्या वक्ताले ते नवी होती, भाऊ," हेमराजची बायको गिरजा म्हणाली.

ब्रह्मपुरीत बंदुका दुरुस्त करणाऱ्या गुलाम रसूल चाचांनी लाकडी दस्ता काढला, जोडनळ्या सुतळीला टांगल्या आणि लाकडी हातोडीने हलकेच ठोकल्या. नळ्या धड असत्या तर घंटेसारखा आवाज यायला हवा होता. आला बद्द.

"असं मडकं तं मी फुकटातबी नाई घेत," गिरजा म्हणाली.

"लोखंड हाये बाई, मडकं नोहे!" केवळराम उसळला.

"मंग खांद्याले लावून तूच चालव," चाचा म्हणाले. "काडतुसं माह्याकडून."

केवळरामला एकाएकी गावी परतायची सिंदेवाहीची बस आठवली. पण चाचांनी त्याला सोडलं नाही. शिवारात नेऊन बंदूक एका बुंध्याला बांधली आणि बांधाआड बसून एकेका चापाची दोरी ओढली. उजव्या नळीचा बार नीट उडाला. डावी नळी केळ्याच्या सालीसारखी उलगडली, नेमकी तिथं, जिथं हेमराजचा डावा हात असता.

केवळरामची बंदूक गेली, चाचांची दोन काडतुसं गेली. हेमराजची दहाही बोटं शिल्लक राहिली. सगळ्यांच्या चहाचे पैसे गिरजानं दिले.

"बोटापरीस सस्ता पडला," ती म्हणाली.