समुद्रातली बाभळ

पुण्यात समुद्र नाही, पण दर्याबाबा आहेत. वारज्यात, हार्डवेअरच्या दुकानावरच्या हॉलमध्ये, दर रविवारी संध्याकाळी. जिन्याखाली चपलांचा एवढा ढीग पडतो की दुकानदाराने पाटीच लावलीये : "चपला हरवल्यास बाबांना विचारावे. त्यांना सगळे दिसते."

त्या रविवारी पाटी वाचून मला हसूही आलं नाही. विक्रमला एका बाजूने मी धरलेलं, दुसऱ्या बाजूने त्याच्या आईने, सुशीलाकाकूंनी. विक्रम माझा शाळेपासूनचा मित्र, गावठाणातला, गॅरेज चालवतो. एवढा दांडगा माणूस, पण प्रत्येक पायरीला लहान पोरासारखा कण्हत होता. उजव्या पायाला टॉवेल गुंडाळलेला.

हॉल गच्च भरलेला. अगरबत्त्यांचा धूर, मागे निळ्या लाटांचं पोस्टर, पुढे गादीवर बाबा. बाबांची खासियत एकच. माणसाला काहीही होवो, गुडघा धरो नाहीतर धंदा बसो, आत काटा असतो. बाबा तो काढतात.

"माऊली, काय झालं?"

"काच लागली," विक्रम दात आवळून म्हणाला. "खडकवासल्याला. बॅकवॉटरमध्ये."

बाबांनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं, डोळे मिटले आणि हसले. "दर्यापुढे खोटं? ही काच नाही. काटा आहे. खाऱ्या पाण्यातल्या जिवाचा काटा. आणि माऊली, तुझी माळ कुठाय?"

काकूंनी पोराच्या गळ्याकडे पाहिलं. त्यांच्या घरात सगळेच माळकरी. मासळी सोडा, अंड्याचं टरफलसुद्धा उंबरा ओलांडत नाही. विक्रमचा गळा मोकळा होता.

माझ्या अंगावर काटा आला. कारण बाबांचा शब्द न् शब्द खरा होता.

मग तांब्याचं घंगाळ आलं. त्यात वाफाळतं 'दर्यातीर्थ'. पाय आत गेला तसा विक्रम ओरडला. बाबांचं सुरू : "ये दर्या, जा दर्या, खारं ते खाली, गोडं ते वर..." शिष्य वरून गरम तीर्थ ओतत होते. बायका टाळ्या वाजवत होत्या. आणि खोटं कशाला सांगू, हळूहळू विक्रमचं कण्हणं थांबलं. चेहरा सैल पडला. "काकू," मी म्हणालो, "थांबलं की हो!" काकू रडायलाच लागल्या.

शेवटी बाबांनी कुंकवाच्या पाण्यातला कापसाचा बोळा जखमेवर दाबला, जोरात हुंकार दिला आणि चिमटीत काटा वर धरला. पांढुरका, बोटाच्या पेराएवढा. एकच जयजयकार. मी सगळं मोबाईलवर घेतलं आणि खाली उतरायच्या आत सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं. वर लिहिलं : "स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं."

आता मी काय पाहिलं होतं ते सांगतो.

त्याच दिवशी सकाळी आम्ही श्रीवर्धनच्या पुढे, एका रिकाम्या किनाऱ्यावर, गुडघाभर पाण्यात गळ टाकून उभे होतो. विक्रमने माळ काढून गाडीच्या आरशाला अडकवली होती. दर वेळी अडकवतो. घरी सांगायचं, खडकवासल्याला फिरायला चाललो.

मासे धरायला आम्ही धरणावरच शिकलो, यूट्यूब बघून आणि चुका करून. तिथली एक सवय अंगात मुरलीये : पाय उचलून टाकायचा, अलगद, म्हणजे गाळ ढवळत नाही आणि मासा बिथरत नाही. समुद्रात नेमकं उलटं करायचं असतं. वाळूत पाय घासत चालायचं, म्हणजे खाली लपलेला पाकट मासा, स्टिंग-रे, आधीच निघून जातो. आम्हाला कुठे माहीत? विक्रमने पाय उचलला आणि थेट पाकटाच्या पाठीवर ठेवला.

तव्यासारखा चपटा मासा, लांब शेपटी, शेपटीवर विषारी काटा. एकदाच फटकारली आणि वाळूचा ढग करून गेला. घोट्याच्या बाजूला काटा अर्धा आत, अर्धा बाहेर. मी शहाण्याने तो ओढला. तुटला. हातात आलेल्या तुकड्याला दोन्ही कडांनी करवतीसारखे दात होते. माझं बोट कापलं. मी तो पाण्यात फेकून दिला.

"इथल्या दवाखान्यात जाऊ," मी म्हणालो.

"नको. नाव-पत्ता लिहितात. आईला कळेल."

"अरे, पाय बघ!"

"पाय बरा होईल रे. आईचं काय?"

आणि मी गाडी पुण्याकडे वळवली. ताम्हिणीत तो सीटवर डोकं आपटत होता आणि मी गाण्याचा आवाज वाढवत होतो. घरी काच लागली म्हणून सांगितलं, आणि काकूंनी थेट बाबांचं नाव काढलं.

आणि हॉलमधला तो काटा मी जवळून बघितला होता. गुळगुळीत होता. एकही दात नव्हता. माझ्या कापलेल्या बोटावर पट्टी होती, त्याच बोटाने मी रेकॉर्डिंगचं बटण दाबलं. पण विक्रमचं दुखायचं थांबलं होतं ना. मग मी स्वतःला सांगितलं, टोकाला दात नसतील.

पुढच्या दोन-तीन दिवसांत पाय सुजून चकाकायला लागला. ताप चढला. जखमेला वास. काकू बाबांकडे जाऊन आल्या. "पाप उतरतंय," बाबांचा निरोप. "औषध घ्याल तर तीर्थ कोपेल." घोट्यापासून वर एक लाल रेघ निघालेली दिसली तेव्हा मी काकूंना न विचारता डॉक्टर अस्मितांना घरी बोलावलं. त्यांचा दवाखाना चौकातच आहे. बोलणं तिखट.

त्यांनी पाय पाहिला. "काय लागलं?"

"काच," विक्रम.

"काटा," काकू. "पर बाबांनी काढला. हा बघा." देव्हाऱ्यातून लाल फडक्याची पुरचुंडी आणून त्यांनी उलगडली.

डॉक्टर माझ्याकडे वळल्या. "तू होतास ना बरोबर? तूच सांग. काय होतं?"

विक्रमने भिंतीकडे तोंड केलं.

"पाकट," मी म्हणालो. "समुद्रात. मी ओढला, तर तुटला."

"काटा कसा होता?"

"करवतीसारखा."

"आणि हा?"

मी माझ्या कापलेल्या बोटाकडे पाहिलं. बोलल्या त्या काकूच, अगदी हळू. "ही बाभळ हाय. आमच्या बांधावर ढिगानं व्हती. मला त्याच टायमाला कळलं व्हतं."

"मग बोलला का नाहीत?"

"पोराचं दुखायचं थांबलं व्हतं, डॉक्टरबाई. कशाला बोलू?"

डॉक्टर सोडून खोलीत आम्ही तिघं होतो आणि तिघांनाही माहीत होतं. विक्रमला माहीत होतं की काच नव्हती. मला माहीत होतं की काट्याला दात होते. काकूंना माहीत होतं की बाभूळ समुद्रात उगवत नाही. बाबांना फार काही करावंच लागलं नाही.

"थांबणारच," डॉक्टर म्हणाल्या. "गरम पाणी होतं ते. पाकट चावलं, म्हणजे टोचलं, की आम्हीसुद्धा हेच करतो. सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय. उष्णतेने वेदना उतरते. मंत्र म्हणा, नाहीतर पाढे म्हणा. पण त्यानंतर एक्स-रे काढायचा असतो, जखम धुवायची असते, धनुर्वाताचं इंजेक्शन द्यायचं असतं. तेवढंच तुमच्या बाबांना येत नाही. उचला त्याला. आत्ता."

एक्स-रेत टोक दिसलं. तांदळाएवढं. ऑपरेशन करून काढलं. "आणखी उशीर केला असता तर पाय कापायची वेळ आली असती," असं सर्जन म्हणाले. विक्रम अजून कुबडीवर आहे. गॅरेजचं शटर मी उघडतो, काम त्याची पोरं करतात.

हॉस्पिटलच्या बाकावर मी माझाच व्हिडिओ हळू करून बघितला. बोळा जखमेला लागायच्या आधीच कापसातून पांढरं टोक डोकावतंय. स्पष्ट. ग्रुपवर दोनशे जणांनी त्याला हात जोडले होते. आणि माळेचं म्हणाल तर, कोकणातल्या उन्हाने रापलेल्या मानेवर वर्षानुवर्षांच्या माळेची पांढरी रेघ. काळ्या टी-शर्टवर मिठाचे डाग, पोटऱ्यांना वाळू. खडकवासल्याला मीठ कुठून येणार? यासाठी दिव्यदृष्टी लागत नाही. दृष्टी लागते.

पुढच्या रविवारी मी एकटाच हॉलवर जाणार होतो. काकू चपला घालून दारात उभ्या. "म्या बी येते."

मी व्हिडिओ दाखवायला लागलो तर शिष्यांनी धक्के मारले. बाबा म्हणाले, "माऊली, ज्याने माळ काढून जीव मारला त्याच्या मित्राचं काय ऐकायचं?" लोकांनी माना डोलवल्या. मी मोबाईल खाली घेतला. खरंच होतं ते.

तेव्हा काकू पुढे झाल्या. "व्हय. माझ्या पोरानं माळ काढली, मासं धरलं. ते त्याचं आन् माझं. घरात बघू आम्ही." त्यांनी पुरचुंडी गादीवर ठेवली. "पर त्याच्या पायात करवत व्हती आन् तुम्ही बाभळ काढली. करवत आतच ठेवली. चौकातल्या डॉक्टरीणबाई नसत्या तर पाय गेला असता. इथं किती जणींनी बाभळीचा काटा पायातून काढलाय? या, बघा. ओळखा."

सगळ्यांनी नाही ओळखला. काही जण बाबांच्याच पाया पडले, काही उठून गेले. पण मागच्या रांगेतली एक बाई, कडेवर पाय सुजलेली मुलगी, पुढे आली. काटा हातात घेऊन बघितला. मग काकूंना विचारलं, "त्या डॉक्टरीणबाई रविवारी असत्यात का?"

"नसत्यात," काकू म्हणाल्या. "पर मी उठवते. चल."

हे मी त्याच ग्रुपवर टाकतोय जिथे तो व्हिडिओ टाकला होता. व्हिडिओ डिलीट करत नाहीये. हळू करून पुन्हा टाकलाय, बघा. समुद्रात उतरलात तर पाय घासत चाला. टोचलंच तर काटा ओढू नका. मिळालं तर गरम पाणी, आणि लगेच दवाखाना. आणि कुणी चमत्कार दाखवला, तुम्हाला त्यात काहीतरी खटकलं, तर तिथेच तोंड उघडा. आजूबाजूच्या दोघांनाही तेच खटकलेलं असतं.

मी उघडलं नाही. विक्रमला लंगडताना रोज बघतो.